चेहरा वर्षभरातच सैल पडला, हे वयामुळे असेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३४ आहे. वर्षभरात गालांची आणि डोळ्यांखालची कातडी एकदम लोंबायला लागलीय, वजन कमी झालेलं नाही, उन्हातही फार फिरत नाही. त्याआधी काही महिने चेहऱ्यावर गांधी उठायच्या. सगळे म्हणतात वयच झालं, स्किन टाइटनिंग करून घे. करू का?

उत्तर: आत्ता अजिबात नको, आधी निदान होऊ द्या. वयाने आणि उन्हाने कातडी सैल पडते पण ती वर्षानुवर्षं हळूहळू, सोबत सुरकुत्या, डाग, पिवळट जाडसरपणा येतो, त्यामुळे ३४ व्या वर्षी वर्षभरात एवढा फरक पडला तर तो वयावर ढकलणं मला पटत नाही. गांधींचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण क्युटिस लॅक्सा नावाचा दुर्मिळ आजार मोठेपणी होतो तेव्हा कधीकधी आधी अशाच गांधी किंवा सूज येते आणि मग तिथले इलॅस्टिनचे तंतू, म्हणजे ताणलेली कातडी परत जागेवर आणणारे, नष्ट होतात. या आजारात कातडी चिमटीत ओढून सोडली की सावकाश मागे जाते, उलट एहलर्स-डॅनलॉस या जन्मजात आजारात ती खूप ताणली जाते पण चटकन परत बसते. नुसत्या पापण्याच वारंवार सुजून सैल पडत असतील तर ब्लेफॅरोकॅलॅसिसचा विचार करतात, आणि मानेवर पिवळसर बारीक पुरळ असेल तर स्यूडोझँथोमा इलॅस्टिकमचा, त्यात डोळ्याचा पडदाही तपासावा लागतो.

खात्री होते बायोप्सीने, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर, पण इथेच गफलत होते बघा. नेहमीच्या स्टेनमध्ये, म्हणजे तुकडा रंगवायच्या रंगात, कातडी जवळपास नॉर्मल दिसू शकते आणि रिपोर्टही तसाच येतो, म्हणून फॉर्मवर इलॅस्टिनचे तंतू दाखवणारा इलॅस्टिक स्टेन, म्हणजे वेरहॉफ-वान गिसन, हवा असं डॉक्टरांकडून लिहून घ्याच. शक्य असेल तर शेजारच्या चांगल्या कातडीचाही तुकडा द्यावा, तुलनेला उपयोगी पडतो.

क्युटिस लॅक्सा निघालाच तर चेहऱ्यावर थांबू नका. फुफ्फुसं आणि हृदयाची महाधमनी बघायची, हर्निया आहे का ते बघायचं, रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची तपासणी, करायची कारण काहींमध्ये मायलोमासारखा रक्ताचा आजार सोबत सापडतो. पेनिसिलामाइनसारखं औषध कधी घेतलं असेल तर तेही सांगा. गेलेले तंतू परत आणणारं औषध आज नाही, सर्जरीने चेहरा सुधारतो पण आजार चालू असेल तर कातडी पुन्हा सैल पडू शकते, म्हणून टाइटनिंगची घाई नको म्हणतेय. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो आणि गांधी उठल्या तेव्हाचे फोटो नक्की घेऊन जा.