एमबीएत शिकलेल्या लीडरशिपच्या थिअरी शॉप फ्लोअरवर लागू होतात का?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपचा शिफ्ट इनचार्ज झालो आहे. हाताखाली २२ ऑपरेटर. हर्झबर्ग, सिच्युएशनल लीडरशिप वगैरे इथे कसं वापरायचं? माणसं मोटिव्हेट कशी करायची?

उत्तर: लागू होतात. पण भाऊ, 'माणसं मोटिव्हेट कशी करायची' या वाक्याशीच माझं जुनं भांडण आहे. मे महिन्यात हजेरी घसरली की ऑफिसातून हमखास ऐकू येतं, ''यांना कितीही द्या, रडतातच. हर्झबर्गनंच सांगितलंय, पैशानं माणूस मोटिव्हेट होत नाही.'' अर्धवट वाचलेलं ज्ञान आहे हे. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गनं कामावरच्या समाधानाचा अभ्यास करून १९५९ साली दोन वेगळी खाती मांडली. पगार, सुपरवायझरची वागणूक, कामाची जागा हे एक खातं. ते बिघडलं की माणूस वैतागतो आणि सुधारलं की वैताग थांबतो, बस. काम जमल्याचं समाधान, त्याची दखल, जबाबदारी हे दुसरं. पहिल्या खात्यातली तूट दुसऱ्यातून भरता येत नाही. पगार लांबवायची परवानगी त्यात कुठेच नाही.

तुमच्या शेडमधला कूलरच बघा. बोअरचं पाणी जड असलं की वरच्या पाइपच्या भोकांत पांढरा क्षार बसतो. पाणी गवताच्या अर्ध्याच भागावर उतरतं आणि उरलेल्या कोरड्या गवतातून ४५ अंशांची हवा सरळ आत येते. पंखा फिरतोय, पंप गुरगुरतोय, मेंटेनन्सच्या वहीत 'ओके'. अशा शेडमध्ये 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' जाहीर केला तर लोक हसतील नाहीतर काय करतील? एप्रिल लागायच्या आत गवत बदला. दर आठवड्याला टाकी रिकामी करून तारेनं भोकं मोकळी करा आणि हे कोण करणार त्याचं नाव कूलरवरच लिहा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. भांडण तासांवरून होतं. म्हणून पगाराच्या चार दिवस आधी प्रत्येकाला तासांची चिठ्ठी द्या, चूक तेव्हाच निघते. एवढं करून कोणी थँक्यू म्हणणार नाही. हर्झबर्गच्या हिशेबानं ते बरोबरच आहे.

सिच्युएशनल लीडरशिप म्हणजे समोरच्याची तयारी बघून देखरेख कमी-जास्त करणं. त्यात सगळ्यांची चूक एकच होते, ती म्हणजे माणसावर नवखा किंवा एक्स्पर्ट असा कायमचा शिक्का मारणं. ही थिअरी मांडणाऱ्या हर्सी आणि ब्लँचर्ड यांचा मुद्दा माणूस आणि काम यांच्या जोडीचा आहे. दहा वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) चालवणाऱ्याला नवा, कमी टॉलरन्सचा, म्हणजे मापात अगदी थोडाच फरक चालणारा जॉब (नग) दिला की त्या कामापुरता तो नवखाच. ५० मिमीचा स्टीलचा जॉब मायक्रोमीटरपेक्षा २० अंश गरम असताना मोजला तर साधारण ११-१२ मायक्रॉन मोठा दिसतो. जुन्या ढोबळ जॉबवर हे कधी नडलेलं नसतं. इथे तो ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) कमी करतो आणि जॉब थंड झाल्यावर अंडरसाइज निघतो. त्याला 'तू तर एक्स्पर्ट आहेस, बघून घे' म्हणणं म्हणजे डेलिगेशन नव्हे, अंग काढून घेणं. उलट जुन्या जॉबवर दर तासाला त्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहिलात तर तो तुम्हाला मनातून उतरवेल.

यासाठी स्किल मॅट्रिक्स लागतो. आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात ऑपरेशन, चौकटीत चार भागांचा गोल. एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. बहुतेक ठिकाणी हा कागद ऑडिटच्या आदल्या रात्री एचआरच्या कॉम्प्युटरवर जन्मतो, ऑपरेटरनं तो पाहिलेलाही नसतो. तुम्ही तो मशीनशेजारी, ऑपरेटरसमोर, पेन्सिलीनं भरा. मतभेद झाला तर त्याच्याकडून फर्स्ट पीस, म्हणजे पहिला नग काढून बघा.

तीन भाग भरले की अधिकारही द्या, आणि मर्यादा आकड्यांत द्या. सलग तीन जॉब एकाच बाजूला सरकले तर ऑफसेट तो स्वतः बदलेल. टॉलरन्सबाहेर एकही गेला तर मशीन थांबवेल, कोणाला न विचारता. आणि पहिल्यांदा त्यानं मशीन थांबवलं त्या दिवशी 'काहून थांबवलं बे?' असं ओरडलात तर पुढे कोणीच थांबवणार नाही.

हे आपल्याकडे चालत नाही म्हणणाऱ्यांना अहमदाबादची कॅलिको मिल सांगा. १९५३ साली तिथल्या लूम शेडमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेच्या राइसनं कामानुसार विखुरलेल्या कामगारांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपवले. उत्पादन वाढलं, कापडातलं नुकसान घटलं.

आता पथ्यं. हर्झबर्गनं ज्यांना विचारलं ते पिट्सबर्गचे इंजिनिअर आणि अकाउंटंट होते, ऑपरेटर नव्हेत. सिच्युएशनल लीडरशिपचा संशोधनातला पुरावाही तसा कच्चाच आहे. आणि तुमच्या २२ पैकी निम्मे कंत्राटी असतील, पुढच्या महिन्यात गेटपास मिळेल की नाही हेच त्यांना माहीत नसेल, तर त्यांच्यापुढे जबाबदारीच्या गोष्टी करू नका. आधी कंत्राटदाराशी बोला.

एकदम २२ जणांवर सुरू करू नका राजेहो, दोन मशीन घ्या. मॅट्रिक्सला जागा नसेल तर भिंतीवरचा तो 'टीमवर्क'चा हात मिळवणारा बोर्ड उतरवा. खिळे तेच चालतील.