घोड्याची टाप भिजवायला कोणता बूट घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घोड्याच्या पुढच्या टापेत गळू झालं होतं, डॉक्टरांनी तळव्यातून वाट करून पू काढला आणि आता दिवसातून दोनदा कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून टाप भिजवायला सांगितलीय. घोडा बादलीत पाय ठेवत नाही, म्हणून टापेवर चढवून आत पाणी भरायचा बूट घ्यायचाय. आणि घेतलाच तर दुसऱ्या घोड्यालाही तोच चालेल का, हेही विचारलंय.

बादलीची कथा आमच्याकडेही झाली. घोडीने पहिल्या दिवशी तीनदा बादली लवंडली, तिसऱ्यांदा माझ्या पायावर. कडी असलेली बादली तर वापरूच नका. टाप कडीत अडकली की घोडा उधळतो आणि मग गळू परवडलं म्हणायची वेळ येते. रबराचं उथळ, बिनकडीचं टोपलं बरं, पण त्यात घोड्याने पाय ठेवून उभं राहायला हवं ना!

आता बुटाचं. बुटाच्या वर्णनात दहा गोष्टी लिहिलेल्या असतात, मी एकच परीक्षा घेतो: हा बूट मला एका हाताने घालता येईल का? कारण दुसऱ्या हातात घोड्याचा पाय असतो. दुखऱ्या पायाचा घोडा टाप मध्येच आपटतो, नाहीतर सगळा भार तुमच्या खांद्यावर टाकतो. तेवढ्या वेळात बुटाचं तोंड सताड उघडं राहिलं पाहिजे आणि टाप सपाट आत गेली पाहिजे. चार पट्टे आणि दोन बकला असलेला बूट दिसायला भक्कम असतो, पण तो लावेपर्यंत पाणी गार होतं. वेल्क्रो सोपं खरं, पण त्यात केस आणि माती भरली की आठवड्याभरात धरेनासं होतं. ते घासून साफ करायची तयारी असेल तरच घ्या.

दुसरी गोष्ट तळाची. घोडा आपल्या वजनातला साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर घेतो. म्हणजे ४५० किलोच्या घोड्याच्या एका पुढच्या टापेखाली सव्वाशे किलोच्या वर भार येतो, आणि त्यात नाल असेल तर तिच्या कडा आणि खिळ्यांची डोकी तळ कापत राहतात. नुसत्या पिशवीसारखे मऊ बूट पायात पटकन जातात आणि अंगाला घासत नाहीत, पण आत जाड फोमची किंवा रबराची गादी नसेल तर नालवाल्या घोड्यापुढे दोन-चार दिवसांत गळायला लागतात. साच्यातले कडक बूट टिकतात, मात्र त्यांचं माप चुकलं तर टाचेला आणि टापेच्या वरच्या कडेला घासतात. नाल नसलेल्या, शांत घोड्याला मी मऊ बूट घेईन. नाल असेल तर कडक, नाहीतर गादीवाला.

माप नालबंद येऊन गेल्यावर घ्या. टाप जमिनीवर, भार दिलेली असताना सर्वांत रुंद जागी रुंदी आणि पुढच्या टोकापासून टाचेपर्यंत लांबी. मी एकदा वाढलेल्या टापेचं माप दिलं आणि बूट असा आला की टाप आत डुलायची. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठा घ्या. घट्ट बुटात टापेभोवती पाणी फिरत नाही. मागच्या टापा पुढच्यांपेक्षा अरुंद असतात, तेव्हा पुढच्या मापाचा बूट मागे थोडा सैल बसेल, तेवढं चालतं.

उंची मात्र आजारावर ठरते. गळवाला पाणी टापेच्या वरच्या कडेच्या थोडं वर आलं की पुरे, कारण पू कधी कधी तिथूनही फुटतो. टापेची भिंत आतून पोखरली जाते त्या आजारात क्लोरीन डायऑक्साइडचं औषध देतात. त्याला बूट असा हवा की वरचं तोंड पायाभोवती आवळून बंद करता येईल, कारण काम पाण्याइतकंच त्यातून निघणारा वायू करतो. ते उघड्यावरच करायचं, वायू हुंगायचा नाही, आणि धातूच्या बकला असलेला बूट त्यासाठी वापरायचा नाही, गंजतो. लॅमिनायटिसचं, म्हणजे टापेच्या आतल्या थरांना सूज येते त्या आजाराचं, गणितच उलटं. तिथे बर्फ लागतो, गरम पाणी नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हॅन एप्स आणि पॉलिट या पशुवैद्यांनी २००४ मध्ये दाखवलं की टाप आणि नळी (टापेपासून गुडघ्यापर्यंतचा पाय) सतत गार ठेवली तर लॅमिनायटिस रोखता येतो. त्यासाठी बूट जवळजवळ गुडघ्यापर्यंत उंच लागतो आणि बर्फ दोन-तीन दिवस, रात्रीसुद्धा, भरत राहावा लागतो. गळवासाठी घेतलेला बुटका बूट त्या कामाचा नाही.

घालताना एक-दोन दिवस कोरडा बूट घालून पाच मिनिटं उभं करा, पुढ्यात गवत टाका. खाली रबराची चटई हवी. ओल्या फरशीवर बुटाचा तळ घसरतो. बूट घालून चालवू नका. पाणी नंतर, वरून हळूहळू ओता. हात सुखाने ठेवता येईल एवढंच गरम घ्या. बुटात पाणी बादलीपेक्षा खूपच कमी मावतं म्हणून ते लवकर निवतं. मध्ये एकदा बदलायला दुसरं भांडं तयार ठेवा. फार चुळबुळ करत असेल तर मदतनिसाला दुसऱ्या बाजूचा पुढचा पाय उचलून धरायला सांगा, म्हणजे बुटातला पाय घोडा हलवत नाही. १५-२० मिनिटं पुरतात. दोन-तीन दिवसांच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय भिजवत बसू नका, टाप मऊ पडते आणि नालेचे खिळे धरत नाहीत. भिजवून झालं की टाप पुसून पोटीस आणि पट्टी, नाहीतर चिखल थेट त्या छिद्रात. धनुर्वाताची लस झालीय का तेही बघा. घोड्याला तो फार चटकन होतो.

खरं सांगू का, एकाच गळवासाठी मी बूट घेणारच नाही. डॉक्टरांकडे सलाइनच्या पाच लिटरच्या रिकाम्या पिशव्या असतात. एक मागून घ्या, वरून कापा, टाप आत घाला, पाणी ओता आणि वर चिकटपट्टी सैलसर गुंडाळा. नालवाल्या टापेला आधी तळाशी जाड कापड ठेवा. पिशवी फाटली तर दुसरी. वर्षातून दोन-तीनदा हे करावं लागत असेल, तर बूट घ्या.

दुसऱ्या घोड्यालाही तोच चालेल, पण टाप सडण्याचा किंवा पोखरण्याचा आजार असलेल्या घोड्याचा बूट जंतुनाशकाने धुऊन, उलटा टांगून पूर्ण वाळल्याशिवाय नको. आतली गादी वेगळी काढून वाळवा, ती सगळ्यांत शेवटी सुकते.