बकम सिंगवर लिहिणाऱ्यास

अनेक आशीर्वाद.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात लढलेला शीख शिपाई बकम सिंग याच्यावरचा तुझा मसुदा वाचला. लढाईला अडीच पानं आणि आजारपणाला चार ओळी, हे उलटं कर. जखमा १९१६ च्या. त्याला नेलं ते क्षयाने, कॅनडात परतल्यावर, २७ ऑगस्ट १९१९ ला किचनर गावी. वय २५.

सुरुवात त्याच्या विजय पदकापासून, म्हणजे महायुद्धात लढलेल्यांना मिळालेल्या पदकापासून कर. २००७ मध्ये इंग्लंडातल्या गहाणवटीच्या दुकानात ते सापडलं म्हणून तर हा माणूस आपल्याला कळला. विजय पदकावर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. असं पदक हाती आलं तर पॉलिश करू नकोस, अक्षरं झिजतात. उजेड तिरपा पाडून भिंगाने वाच. मग कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन फायलींत क्रमांकाने शोध. नावाने नको, पंजाबी नावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं.

पलटणीपाशी बहुतेकजण फसतात. भरती १९१५ मध्ये, ओंटारियोतल्या स्मिथ्स फॉल्सला, ५९व्या पलटणीत. बेल्जियमकडच्या फ्लँडर्समध्ये लढला २०वीतून. ५९वीची माणसं इंग्लंडात इतर पलटणींना वाटली गेली, त्यामुळे पलटणीची युद्धरोजनिशी, म्हणजे रोजच्या हालचालींची नोंदवही, २०वीचीच उघड. तीत साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं. जखमेच्या तारखेला पलटण कुठे होती तेवढं टिपून घे.

कवी-डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या रुग्णालयात उपचार झाले, पण त्यांना एक वाक्य पुरे. वैद्यकीय कागद मात्र ओळन् ओळ वाच. ताप, वजन, थुंकीची तपासणी जे मिळेल ते तारीखवार मांड. आजार लष्करी सेवेमुळे जडला का, हा रकाना सोडू नकोस. पेन्शन त्यावर अडायची.

‘घरी परतला’ हे जपून लिही. तो १९०७ मध्ये लहान वयातच ब्रिटिश कोलंबियात आला. १९०८ पासून हिंदी माणसाला मायदेशाहून कुठेही न थांबता कॅनडात यावं लागे, शिवाय खिशात २०० डॉलर हवेत. तशा थेट बोटी जवळजवळ नव्हत्याच. हिंदी माणसांना रोखण्यासाठीच तो नियम. बालपणी लग्न झालेली बायको पंजाबातच राहिली.

युद्ध संपल्यावर गेलेला माणूस युद्धमृतांत कसा, असं वाचक विचारणारच. राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाने पहिल्या महायुद्धासाठी धरलेली मुदत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत आहे. माउंट होप दफनभूमीतल्या त्याच्या कबरीबद्दल लिहिशील तिथे हे घाल, आणि मसुदा पुन्हा पाठव.