गणपतीआधी लंडनमध्ये एकटीने बाजारहाट जमेल का?

प्रश्न : ताई, मुलगा-सून लंडनला साउथ हॅरोमध्ये राहतात. यंदा पहिल्यांदाच गणपतीला तिकडे जातेय, दोन आठवडे आधी. दोघंही नोकरीवर, घरी मी आणि सहा वर्षांची नात. सगळं सामान इथूनच बांधून नेऊ का? तिथे एकटीने बाजारात जायची धास्ती वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळं नका नेऊ. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे जाताना मी घरचं कढवलेलं तूप आणि सातारचे कंदी पेढे नेले होते. विमानतळावर दोन्ही काढून घेतलं. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तूपही त्यातच आलं. मी नियम वाचला नव्हता, पण ते पेढे कचऱ्यात पडताना पाहून फार वाईट वाटलं. तुम्ही आंबेमोहराची पिठी, जानवी, कापसाची वस्त्रं आणि अष्टगंध एवढंच घ्या. मोदकपात्र मात्र सुनेला विचारून. शेगडी इंडक्शनची असेल तर त्यावर ॲल्युमिनियमचं भांडं तापत नाही.

आता बाजार. साउथ हॅरोहून पिकॅडिली लाइनची ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, पकडा, तिसरं स्टेशन अल्पर्टन. तिथून चालत ईलिंग रोड. रस्त्यातच कोरीवकाम केलेलं सनातन हिंदू मंदिर लागतं, तिथे पाच मिनिटं बसून घ्या. पुढे दुकानांबाहेर फुटपाथवर मांडलेली भाजी दिसली की धास्ती निम्मी उतरते. नारळ, केळी, विड्याची पानं, कढीपत्ता, सगळं मिळतं. दुकानदार बरेचसे गुजराती. हिंदी चालतं, पण खवलेला ओला नारळ हवा असेल तर ‘लीलुं टोपरुं’ म्हणा, फ्रीजरमधलं पाकीट हातात येईल. मोदकाचं सारण मी त्याचंच केलं. आधी ते कढईत परतून पाणी आटवायचं आणि मगच गूळ घालायचा, नाहीतर सारण सैल होतं आणि मोदक फुटतात.

बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. मुलाकडून प्रवासाचं कार्ड मागून घ्या आणि चढताना यंत्राला टेकवा. पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. रविवारवर काही ठेवू नका, त्या दिवशी मोठी दुकानं कायद्यानेच फक्त सहा तास उघडी असतात. मंगळवार-बुधवारी सकाळी जा. मुलाला सुट्टी मिळेल तेव्हा जाऊ म्हणून थांबलात तर आदल्या रात्रीपर्यंत थांबाल. माझं पहिल्या वर्षी तसंच झालं, आणि लेक दमलेली असताना तिच्यावर चिडले. ते अजून मनाला लागून आहे.

दूर्वांसाठी मी दोन बागा पालथ्या घातल्या. तिथल्या हिरवळीचं गवत वेगळंच. शेवटी अंगणातल्याच गवताची तीन-तीन पाती घेऊन एकवीस जुड्या केल्या. जास्वंदीऐवजी शेजारणीने तिच्या बागेतले लाल डेलिया दिले. त्या दिवसांत तिथे डेलिया भरभरून फुलतो.

मूर्ती नातीबरोबर घरीच करा. क्राफ्टच्या दुकानात माती मिळते, फक्त तिच्यात प्लास्टिकचे धागे नाहीत ना, हे पाकिटावर नीट पाहा. आमची वीतभर मूर्ती वाळायला चार दिवस लागले, आणि सोंड दोनदा गळून पडली म्हणून नातू रडला. तिसऱ्यांदा आत काडी घालून बसवली. विसर्जन बादलीत करून ते पाणी गुलाबाच्या कुंडीत घाला.

आणि धूप लावण्याआधी खिडकी उघडा. धुराचा अलार्म छतालाच असतो. आमच्याकडे ऐन ‘सुखकर्ता’ला तो वाजू लागला आणि जावई खुर्चीवर चढले.