शिष्यत्व प्रशिक्षणासाठी परदेशी निघताना

भाऊ, यूथ विथ अ मिशन या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती संस्थेच्या शिष्यत्व प्रशिक्षणात साधारणपणे १२ आठवडे वर्ग आणि त्यानंतर ८ ते १२ आठवडे प्रत्यक्ष सेवा असते. मात्र स्वयंपाकघरातील किंवा सफाईचे नेमून दिलेले कामही प्रशिक्षणाचाच भाग आहे, हे आधीच मनाशी धरावे. नंदुरबारकडून गेलेली आपली मुले इंग्रजी अडते म्हणून गप्प बसतात आणि रात्री उशिरापर्यंत घरी फोनवर बोलत राहिल्याने सकाळच्या उपासनेत पेंगतात. मीही पहिला महिना असाच घालवला. मोडके बोललात तरी लोक आपुलकीने समजून घेतात.

सुरुवातीला एवढे सांभाळा:
- वैयक्तिक मनन मराठी पवित्र शास्त्रातूनच (बायबलमधूनच) करा.
- घरी फोन करण्यासाठी वार ठरवा.
- सेवाकाळाचा प्रवासखर्च बहुधा वेगळा भरावा लागतो. तो निघण्यापूर्वीच आपल्या चर्चच्या मंडळीसमोर स्पष्टपणे मांडा.