मांडीचा वाटेकरी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा निरोप मी सकाळी चहा घेताना वाचला. झोपेत तुझ्या लेकीचा, चिमणीचा पाय तुझ्या पोटाला लागला, तू तिला जरा जोरातच बाजूला केलंस, ती जागी होऊन रडली आणि मग तिच्यासोबत तूही. शेवटी लिहिलंयस, ‘बाई, मी वाईट आई आहे का?’ फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो बाई, हो बाई’ करतेस, बालवाडीत करायचीस तस्सं, आणि ऐकत काहीच नाहीस. म्हणून कागद काढला.

आधी लाथेचं सांगते. पोटातल्या बाळाभोवती पाणी असतं, गर्भाशयाची जाड भिंत असते. सव्वादोन वर्षांच्या पोरीचा पाय झोपेत लागला म्हणून त्याला काही होत नाही. जोराचा मार बसला, पोट दुखायला लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र रात्र-दिवस न बघता दवाखाना गाठायचा. एरवी नाही. तू डाव्या कुशीवर झोपतेस ना? मग चिमणीला पाठीमागे घे, तिच्या पलीकडे तिचा बाबा. पाठ दिली की ती रडेल, कारण तिला तोंड हवं असतं. त्यावर माझा उपाय असा होता की हात मागे न्यायचा आणि बोट तिच्या मुठीत द्यायचं. खांदा भरून येतो थोडा, पण मूल झोपतं.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या निरोपात ‘मोठी’ हा शब्द चार वेळा आलाय, मी मोजले. ‘आता ती मोठी झालीय तरी कडेवरच हवं म्हणते.’ ‘मोठी मुलगी असून बाटली सोडत नाही.’ अगं, गेल्या महिन्यात ती लहान होती. मधे फक्त तुझा सोनोग्राफीचा कागद आला.

माझा धाकटा 1989 च्या पावसाळ्यात झाला. थोरला तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांचा. दवाखान्यातून रिक्षाने घरी आले, बाळ माझ्याच हातात. थोरला दाराआड उभा होता, मुठीत माझ्या जुन्या साडीचा तुकडा. त्याने माझ्या तोंडाकडे नाही पाहिलं, हातांकडे पाहिलं. हात भरलेले होते. तो आत निघून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाणी हवं असलं तरी आजीला मागायचा. पाचव्या दिवशी सासूबाई बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होत्या आणि मी इकडे दुपटं पसरून ठेवलं होतं. हा आला आणि त्या हातभर दुपट्यावर आडवा झाला. गुडघ्यापासून खालचे पाय फरशीवर. म्हणाला, ‘मला गुंडाळ.’

मी म्हटलं, ‘अरे, तू आता मोठा झालास ना?’

तो उठला. दुपट्याला पडलेली चुणी हाताने नीट केली आणि गॅलरीत जाऊन बसला.

सासूबाईंनी ओलं बाळ माझ्याकडे दिलं, पलंगावरची चादर ओढली, त्याला गॅलरीतून उचलून आणलं आणि हातपायांसकट गुंडाळला. बाळाचं टोपरं त्याच्या डोक्यावर बसेना, तरी टाळूवर ठेवून नाड्या बांधल्या. मांडीवर घेतलं आणि जो जो करून हलवलं. दोन मिनिटं झाली असतील. मग तोच म्हणाला, ‘आता सोड, मला डबे खेळायचेत.’ त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर बालवाडीत एकतीस वर्षं मी हेच बघत आले. घरात पाठचं भावंड आलं की चांगलं बोलणारं मूल बोबडं बोलायला लागतं, शू सांगणारं चड्डीत करतं, स्वतः जेवणारं ‘भरव’ म्हणतं. आया घाबरून यायच्या, ‘बाई, हा मागे चाललाय.’ तो मागे वगैरे जात नाही. लहान असलं की आई मिळते, हे त्याने समोर पाहिलेलं असतं. दोन घास भरवायचे, दोनदा गुंडाळायचं. ‘शी! एवढा घोडा झालास’ म्हटलं की तेच महिनाभर चालतं.

म्हणून तुझ्यासाठी पहिलं सांगणं. बाळ यायच्या आसपास चिमणीकडून काहीही सोडवायचं नाही. बाटली, लंगोट, तुमच्याजवळची झोप, जे काही बदलायचं असेल ते या दोन महिन्यांत सावकाश बदल, नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत तसंच राहू दे. तिच्या जागेवर बाळ आलं असं तिला दिसता कामा नये. पाळणासुद्धा तिच्या पलंगाच्या ठिकाणी मांडू नकोस. जागा नाही म्हणशील, मला डोंबिवलीतल्या खोल्या माहीत आहेत. पाळणा दाराजवळ ठेव.

रात्रीचं अंगावरचं अजून चालू आहे असं तू लाजत लाजत लिहिलंयस. लाजायचं काय त्यात? गरोदरपण सुरळीत असेल तर चालतं. रक्तस्राव झाला असेल, मागच्या वेळी दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं असेल, किंवा डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं असेल, तर त्यांना विचारून ठरव. ‘पोटातल्याचं दूध ही पिते’ असं म्हणणाऱ्या बायका भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लाव. या दिवसांत दूध आपसूक कमी होतं, चवही बदलते, काही मुलं स्वतःच तोंड फिरवतात. चिमणी पीतच राहिली तर एवढं लक्षात ठेव, बाळ झाल्यावरचा चीक पहिला त्याचा. ते पिऊन झालं की मग ती.

लोहाच्या लाल गोळ्यांबद्दल मात्र मी कडक आहे. त्या गोड आवरणाच्या, जेम्ससारख्या दिसणाऱ्या. तू रोज तिच्यासमोर एक खातेस आणि डबी ओट्यावर ठेवतेस, व्हिडिओ कॉलवर मी पाहिलंय. लहान मुलाने त्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. डबी कपाटात, वरच्या फळीवर, कडीत. तिच्या डोळ्यांसमोर गोळी घ्यायचीच नाही. कधी शंका जरी आली की तिने गिळली, तर उलटी होते का वगैरे बघत बसायचं नाही, उरलेली डबी हातात घेऊन थेट हॉस्पिटल. आणि ती गोळी चहासोबत घेऊ नकोस, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. लिंबूपाण्यासोबत घे.

जिन्याचं. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि पहिल्या पायरीवर ‘कडे’. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर तिला उचलायला हरकत नाही, पण वाकून नाही, गुडघ्यात बसून. जिना चढताना मात्र नको, पोट वाढतं तसा तोल बदलतो. प्रत्येक मजल्याला एक काम ठरवून दे. पहिल्या मजल्यावर जोश्यांच्या तुळशीला ‘टाटा’, दुसऱ्यावर बसून एक मनुका, तिसऱ्यावर बेल तिने वाजवायची. घरात शिरलीस की खाली बैस आणि मग घे पोटभर मांडीवर. कडेवर घ्यायचं कमी करशील तेवढं मांडीवर घ्यायचं वाढव.

बाळाबद्दल तिला सांगितलंस का, असं विचारलं तर तू लिहिलंस, ‘रोज सांगते.’ रोज नको गं. नोव्हेंबर तिला कळत नाही, पाच महिने तर नाहीच नाही. पोट दिसायला लागलंय, ती विचारेल तेव्हा सांग, ‘गणपती येतील, मग दिवाळी येईल, आपण आकाशकंदील काढून ठेवू, मग बाळ येईल.’ आणि ‘तुला खेळायला बाळ आणतोय’ हे थापेबाज वाक्य बंद. आलेलं बाळ खेळत नाही. ते रडतं, झोपतं आणि आईला अडवून ठेवतं. तेच तिला सांग. तिचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो दाखव, ‘तू पण अशीच रडायचीस, आम्ही अस्सं घ्यायचो.’ त्यात तिला भारी रस वाटेल.

नातेवाइकांचं तू करू शकशील तेवढं कर. ‘आता तुझे लाड बंद’, ‘आता आई बाळाची’ असं म्हणून हसणारी माणसं प्रत्येक घरात असतात आणि ती वाईट नसतात. तिथल्या तिथे, तिच्यासमोर, हसत म्हणायचं, ‘नाही हं, आई दोघांची.’ नंतर एकटीला समजावून उपयोग नाही, त्याआधीच तिने ऐकलेलं असतं. आणि ‘पहिली मुलगी, आता मुलगाच होऊ दे’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना सांग, गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात पहिल्यांदा केला, माझ्या धाकट्याच्याही आधी. त्याला वयाची चाळीस व्हायला आली तरी यांचं पालुपद चालूच!

आता जावईबापूंचं. ‘त्याला जमत नाही, ती माझ्याशिवाय झोपत नाही,’ म्हणतेस. जमणार कसं? तो झोपवत असताना तू दाराशी उभी असतेस. एक काम पूर्ण त्याचं करून टाक, रात्रीचं. हातपाय धुणं, कपडे, गोष्ट, झोप. त्या वेळात तू घरात दिसायचं नाहीस, खाली कट्ट्यावर जाऊन बैस. पहिला आठवडा रडारड होईल. ती आत्ता झालेली परवडेल. डिसेंबरात तू टाके घेऊन बाळाला पाजत असताना झाली, तर त्याचं खापर तिच्या डोक्यात बाळावर फुटेल. लोकल उशिरा येते वगैरे सबबी मला सांगू नकोस म्हणावं, साडेआठला तो घरात असतो हे मला माहितेय.

बाळंतपण कुठे, हा तुमचा वाद अजून मिटलेला दिसत नाही. पहिलं माहेरी, दुसरं सासरी ही जुनी रीत. मी म्हणते, रीत बाजूला ठेव आणि चिमणी कुठे असेल ते आधी ठरव. तिला चार महिने गावाला आजीकडे ठेवायचा बेत मला बिलकूल पसंत नाही. ती परत येईल तेव्हा घरात दुसरंच मूल असेल. त्यापेक्षा आजीलाच ऑक्टोबरात बोलावून घे. तू दवाखान्यात असशील त्या दोन-चार रात्री ती आजीजवळ आपल्याच घरात झोपेल. त्याची रंगीत तालीमही आधी दोनदा करा.

रजा तुला दुसऱ्या बाळंतपणालाही 26 आठवडेच आहे, 2017 पासून. त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात, पण अंगात बळ असेल तर आधी कमी घे, नंतरसाठी राखून ठेव. आणि रजेवर असताना चिमणीचं पाळणाघर बंद करू नकोस. ‘आई घरात असून पोर बाहेर?’ असं लोक म्हणतील. म्हणू देत. तिथली तिची बाई, तिची चटई, तिचा वरणभाताचा डबा, एवढं तरी तिचं जसंच्या तसं राहील. अर्धा दिवस पाठव.

तिचा दीड वर्षाचा लसीचा बूस्टर राहिलाय असं मागे म्हणाली होतीस. या आठवड्यात देऊन टाक. डांग्या खोकला बऱ्याचदा मोठं भावंडच घरात आणतं, आणि बाळाची त्यावरची पहिली लस दीड महिन्याची असते.

घरी येशील तेव्हा बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात दे. तू मोकळ्या हातांनी आत जा. हे मी तुला का सांगतेय ते कळलं असेल. नंतर दिवसभर ‘हळू, बाळ झोपलंय’, ‘थांब, बाळाचं चाललंय’ हे तोंडात येणारच, सगळ्यांच्या येतं. फक्त अधूनमधून बाळालाही सांगत जा, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं, ‘थांब रे जरा, ताईचा घास व्हायचाय.’ बाळाला काय कळतंय! दोघांना मिनिटभरसुद्धा एकटं मात्र सोडायचं नाही. ती मायेनेच त्याच्या तोंडात शेंगदाणा घालेल. आणि धुरीबिरीचा आग्रह झाला तर ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवा, धूर नको. तेवढ्याशा खोलीत बाळाच्या छातीला सोसत नाही.

मोबाइल दाखवतेस म्हणून अपराधी वाटतं, असंही लिहिलंयस. मळमळत असताना वीस मिनिटं गाणी लावून आडवी झालीस तर मी तरी काही म्हणणार नाही. जेवताना नको, एवढंच.

आणि कालच्या रात्रीबद्दल. सकाळी तिला सांगितलंस का, की आईने जोरात ढकललं, आईचं चुकलं? नसेल तर आज सांग. तिला कळतं.

डिंकाचे लाडू मी दिवाळीनंतर करून आणते, खारीक घरची आहे. अळिवाचे तुझ्या सासूबाई करतील. एक छोटा डबा वेगळा आणीन, त्यात रव्याचे, सुपारीएवढे. तो डबा चिमणीचा. त्यातला पाहुण्यांना द्यायचा नाही, तिने दिला तरच. बाळाला बघायला आलेले लोक तिच्याकडे मागतील, तेव्हा ती कुणाला देते ते मला कळव.

तुझी,
बाई