रुबिक्स क्यूबच्या पीएलएलचे २१ अल्गोरिदम पाठ होतात आणि आठवड्यात विसरतात, काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की तू बारावीत आहेस, नाशिकरोडला राहतोस, क्यूब सोडवायला टू-लुकने (शेवटच्या थराचे दोन्ही टप्पे दोन-दोन पायऱ्यांत, थोड्याच अल्गोंनी) सरासरी ३५ सेकंद येतायत, ओएलएलचे (शेवटचा थर वरून पिवळा करणं) ५७ आणि पीएलएलचे (मग त्या थराचे तुकडे आपापल्या जागी नेणं) २१ असे ७८ अल्गोरिदम, म्हणजे ठरलेल्या मूव्ह्जच्या ओळी, दोनदा पाठ करायला घेतलेस आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत निम्मे उडाले, तर आधी ओएलएल घ्यावं की पीएलएल, पाठ कसं करावं आणि नवीन क्यूब घेतल्याने फरक पडेल का. बारावीचा आहेस म्हणून तू म्हणतोय. मी गंगापूर रोडला राहतो, सातपूरला नोकरी करतो आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून क्यूब करतोय, हे विसरण्याचं प्रकरण माझ्यासोबत अगदी असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे सांगतो की तुझी स्मरणशक्ती कमी नाहीये. तीसपर्यंतचे पाढे पाठ असलेला मुलगा २१ अल्गो पाठ करू शकतोच. अडचण अशी की तू अल्गो पाठ केलेस पण तो कधी लावायचा ते पाठ केलं नाहीस, आणि ही दोन वेगळी कामं आहेत.

मला हे कळलं ते सांगतो. मी सेकंड इयरला असताना सगळ्या पीएलएलची चित्रं एका ए-फोर कागदावर प्रिंट करून टेबलाच्या वर भिंतीला चिकटवली, रोज तीन, सात दिवसांत एकवीस, आठव्या दिवशी सगळे येत होते आणि मी खूश. मग सेमिस्टर लागली, बारा-तेरा दिवस क्यूबला हात लावला नाही, परत बसलो तर कागद न बघता नऊच आले. मग मी शांतपणे त्या नऊची यादी केली (पीएलएलच्या प्रत्येक केसला, म्हणजे तुकड्यांच्या मांडणीला, इंग्रजी अक्षराचं नाव असतं), टी, वाय, दोन्ही यू, एच, झेड, दोन्ही जे आणि एक ए. म्हणजे टू-लुकपासूनचे जुने सहा आणि जे रोजच्या सॉल्व्हमध्ये मी खरोखर ओळखून वापरले होते ते तीन. उडालेले बारा असे होते की जे मी फक्त सुटलेल्या क्यूबवर, कागदाकडे बघत, पुन्हा पुन्हा फिरवले होते. हाताला ते माहीत होते पण डोळ्यांनी त्यांना कधी ओळखलंच नव्हतं, त्यामुळे हाताला हाक मारणारं कुणी नव्हतं.

म्हणून पहिलं काम ओळख. पीएलएलमध्ये वर सगळं पिवळं असतं, बघायचं ते कडेच्या रंगांकडे, आणि तेही दोनच बाजू दिसतात तेवढ्याच. टी-पर्म, म्हणजे टी नावाची केस, घे. डावीकडच्या बाजूला दोन्ही कोपरे एकाच रंगाचे, ज्याला आपण हेडलाइट्स म्हणतो, आणि त्यांच्या मधल्या तुकड्यावर बरोबर समोरासमोरचा रंग, म्हणजे कोपरे लाल असतील तर मधे केशरी, निळे असतील तर मधे हिरवा. आणि पुढच्या बाजूला त्या हेडलाइट्सला लागून दोन सारख्या रंगांची जोडी. एवढं दिसलं की टी. आता जे-बी बघ, डावी बाजू पूर्ण एका रंगाची आणि पुढे उजवीकडे जोडी. हे वाक्य तोंडाने म्हणायचं, मनात नाही, मोठ्याने. मी अजूनही मुलांना शिकवताना आधी क्यूब फिरवू देत नाही, फक्त केस दाखवतो आणि काय दिसतंय ते सांग म्हणतो.

दुसरं काम हाताचं, आणि इथे अक्षरं पाठ करणं बंद कर. आपण बाराखडी शिकताना क ला काना का असं शिकलो, सुटे सुटे फटकारे नाही पाठ केले, तसंच इथे तुकडे पाड. टी-पर्म असा आहे (आर म्हणजे उजवी बाजू, यू वरची, एफ पुढची, ' हे चिन्ह आलं की उलट फिरवायचं, २ आला की दोनदा), आर यू आर' यू' मग आर' एफ आर२ यू' आर' यू' मग आर यू आर' एफ'. चौदा मूव्ह्ज, पण तुकडे तीनच. त्यातला पहिला तुकडा तुला एफ२एलपासून (खालचे दोन थर सोडवण्याचा टप्पा) येतोच, सहा वेळा केला की क्यूब जसाच्या तसा होतो तोच. आता गंमत बघ, यातला शेवटचा तुकडा आर यू आर' एफ' उचल आणि सगळ्यात पुढे ठेव, बाकी काही बदलू नको. आर यू आर' एफ', आर यू आर' यू', आर' एफ आर२ यू' आर' यू'. हा जे-बी झाला! म्हणजे तुला टी येत असेल तर जे-बी नवीन शिकायचाच नाहीये, फक्त सुरुवात कुठून करायची ते लक्षात ठेवायचं. मला हे कळायला दीड वर्ष लागलं कारण मी दोन्ही वेगवेगळ्या ओळी म्हणून पाठ केले होते. वाय-पर्म पण असाच दोन ओएलएल एकापाठोपाठ जोडून बनलाय, त्यातला मागचा अर्धा आर यू आर' यू' आर' एफ आर एफ', तो पुढे ओएलएलमध्ये टी आकारासाठी आयताच कामी येतो.

हात बसलाय की नाही हे ओळखायला माझ्याकडे आजी होती. संध्याकाळी ती गॅलरीत कोथिंबीर निवडत बसायची, मी शेजारी बसून टी-पर्म घोटायचो, तिचं लक्ष माझ्याकडे नसायचं पण मधेच म्हणायची, तिथे थांबतोयस बघ तू दरवेळी. तिला क्यूबमधलं काही कळत नाही, पण आवाज कळत होता, टकटकटक मग छोटा खंड, मग परत टकटक. तो खंड आर२ च्या आधी यायचा कारण मी तिथे पकड बदलत होतो, एफ अंगठा आणि तर्जनीने मारायच्या ऐवजी अख्खा डावा हात उचलत होतो. पुढचे चार दिवस फक्त तेवढाच मधला तुकडा मुद्दाम हळू केला, एका मूव्हला एक सेकंद, आणि खंड गेला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की डोळे मिटून स्वतःच्या क्यूबचा आवाज ऐक, जिथे आवाज तुटतो तिथे तुझी बोटं चुकीच्या जागी आहेत. वेग वाढवून ते जात नाही, हळू करूनच जातं.

आता दोन्ही कामं एकत्र कशी करायची. सुटलेल्या क्यूबवर एक अल्गो मारला की त्याच्या उलट अल्गोची केस तयार होते. टी स्वतःच स्वतःचा उलटा आहे, दोनदा मारला की क्यूब परत सुटलेला. पण यू-ए मारला तर समोर यू-बी ची केस उभी राहते आणि जी-ए मारला तर जी-बी ची, जी-सी मारला तर जी-डी ची. म्हणून यांना जोडीनेच शिक, नवरा-नवरी म्हण पाहिजे तर. एक मार, मग क्यूब खाली धरून न बघता वरचा लेयर दोन-चार वेळा इकडेतिकडे फिरव आणि मग डोळे उघडून ओळख, योग्य बाजू समोर आण आणि दुसरा मारून सोडव. वीस मिनिटांत अशी पन्नास ओळखी होतात, पूर्ण सॉल्व्ह करत बसलास तर तीच केस यायला दिवस जातो.

क्रम काय ठेवायचा यावर माझं ठाम मत आहे. आधी पीएलएल पूर्ण, मग ओएलएल. टू-लुकमधले टी, वाय, दोन यू, एच आणि झेड तुला येतातच, म्हणजे उरले पंधरा. सगळे जण जी-पर्म्सना घाबरून शेवटी ठेवतात आणि ही मोठी चूक आहे, हिशोब करून बघ. ७२ सॉल्व्हमागे बहुतेक पीएलएल प्रत्येकी चार वेळा येतात, ई आणि झेड दोन-दोन वेळा, एच आणि दोन्ही एन प्रत्येकी एकदा, आणि एकदा पीएलएल आधीच सुटलेलं मिळतं. म्हणजे चार जी मिळून ७२ मधे १६ वेळा, दर नऊ सॉल्व्हला दोन! आणि एन-ए ७२ मधे एकदा. तरी लोक एन ला घेऊन बसतात कारण तो दिसायला सोपा. तू जे दोन्ही, मग ए दोन्ही, मग सरळ चार जी घे, मग आर, एफ, व्ही, आणि ई व एन अगदी शेवटी. जी मधे प्रत्येक वेळी एका बाजूला हेडलाइट्स असतात आणि जोडी त्यांच्या मानाने कुठे बसलीये यावरून चौघे वेगळे होतात, आठ दिवस फक्त हेच बघ.

हे तळमळीने सांगतोय कारण माझ्या पहिल्या स्पर्धेत तिसऱ्या सॉल्व्हला मी एक जी दुसरा समजून मारला, समोर जज बसलेले, क्यूब सुटायच्या ऐवजी दुसरीच पीएलएल केस समोर आली, ती पुन्हा ओळखून करावी लागली आणि २४ च्या जागी ४१ सेकंद लागले. पाचपैकी सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट सोडून मधल्या तिघांची सरासरी धरतात म्हणून तो आकडा बाजूला पडला, पण उरलेल्या दोन सॉल्व्हला हात कापत होते. अल्गो मला चारही येत होते, कमी पडली ती फक्त ओळख.

रोज किती? नवीन फक्त एक, आणि तोही जुने सगळे एकदा फिरून आल्यावर. मी कंपनीच्या बसमधे जाताना जुने करायचो, घरी आल्यावर नवीन. एखाद्या दिवशी जुन्यातला एक अडकला तर त्या दिवशी नवीन बंद, अडकलेलाच नीट कर. पंधरा अल्गोला महिना लागू दे, बारावी आहे, काही घाई नाही. आणि डिसेंबरात निफाडला पारा उतरतो तसा आपल्याकडेही सकाळी बोटं आखडतात, तेव्हा आकडे बघून हिरमुसू नकोस, आधी गरम पाण्यात हात धर आणि मग टायमर लाव.

ओएलएलबद्दल आत्ता थोडंच. ५७ ऐकून घाबरू नको, शेवटच्या लेयरला आल्यावर आठातून एकदा पिवळा क्रॉस तयारच असतो आणि त्या सात केस तुला येतात. आठातून चार वेळा एल आकार येतो, दोनदा रेघ, एकदा नुसता ठिपका. मी तरी ठिपक्यांपासून सुरू करायला सांगेन कारण टू-लुकमधे तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि केस आठच आहेत. पण ३५ वर असताना तुझा खरा वेळ एफ२एलमधे जातोय, पुढची जोडी शोधताना तू थांबतोस. तिथे हळू पण न थांबता करायची सवय लाव, पीएलएल पूर्ण झालं आणि एफ२एल वाहतं झालं की २५ च्या आत येशील, पूर्ण ओएलएल २० च्या आसपास आल्यावर घे. १९८२ ला बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली ती मिन थाय यांनी २२.९५ सेकंदांत जिंकली होती, म्हणजे तू ज्या आकड्याच्या मागे आहेस तो एके काळी जागतिक स्पर्धा जिंकून देणारा आकडा होता.

क्यूबचं म्हणशील तर मेन रोडला खेळण्यांच्या दुकानात मिळतो तो स्टिकरवाला कडक क्यूब असेल तर बदल, त्यावर तर्जनीने यू मारताच येत नाही आणि मनगटाची वाईट सवय लागते. साधा मॅग्नेटवाला पुरेल. आधीच मॅग्नेटवाला असेल तर खर्च करू नको, दोन थेंब ल्युब टाक आणि स्क्रू थोडे सैल करून बघ.

आज रात्री फक्त टी वरून जे-बी करून बघ, शेवटचा तुकडा पुढे आणून, दहा वेळा हळू. उद्या सकाळी उठल्यावर कागद न बघता एकदा कर आणि अडलास तर कितव्या मूव्हला अडलास ते मला कळव.